मतदानाच्या हक्कासाठी सिनेटचा फिलिबस्टर मोडावा का?

निशिगंध (जॉर्जिया), १६ नोव्हेंबर २०२५

अमेरिकेत ४३ दिवस बंद पडलेलं सरकारी कामकाज १२ नोव्हेंबरला सुरू झालं. त्या काळात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आपल्याच पक्षाच्या सिनेटरांना उघडपणे सांगत होते, फिलिबस्टर काढून टाका. बहुमताचे नेते जॉन थून बधले नाहीत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी डेमोक्रॅट लोकांना त्या नकाराने हायसं वाटलं. याच लोकांनी जानेवारी २०२२ मध्ये, मतदान हक्काच्या विधेयकासाठी फिलिबस्टर मोडा म्हणून आमच्या बरोबरीनं सिनेटरांना फोन केले होते. तेव्हा नको असलेला नियम आता हवासा कसा झाला, यावर मोकळेपणानं बोलू या.

भारतातल्या वाचकांसाठी आधी नियम. सिनेटमध्ये १०० सदस्य. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर ६० मतं लागतात. म्हणजे ४१ जण अडून बसले की विधेयक मतदानापर्यंत पोचतच नाही. हाच फिलिबस्टर. घटनेत हे कुठेही लिहिलेलं नाही. १८०६ मध्ये सिनेटनं नियम आवरते घेताना चर्चा बंद करण्याची तरतूद वगळली आणि ती फट तशीच राहिली. १९१७ मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवायची सोय झाली, १९७५ मध्ये तो आकडा ६० वर आला.

१९ जानेवारी २०२२ ला मतदान स्वातंत्र्य आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस यांच्या नावाचं जोडविधेयक ४९ विरुद्ध ५१ वर अडकलं. डेमोक्रॅटांचे नेते शूमर यांनी पुन्हा प्रस्ताव आणता यावा म्हणून आपलं मत विरोधात टाकलं होतं, म्हणजे खरी संख्या ५०-५०. मग फक्त या विधेयकापुरता नियम बदलायचा प्रस्ताव आला. डेमोक्रॅट सिनेटर जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा रिपब्लिकनांबरोबर गेले आणि तोही ४८-५२ नं पडला.

माझं मत: मतदानाच्या हक्कापुरता तरी हा नियम तेव्हाच मोडायला हवा होता, आणि पुन्हा संधी आली तर मोडावा. तुमचं काय म्हणणं?


देवबाग (न्यू जर्सी)

मोडावा. कारण साधं गणित आहे. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात, आणि दोघांचे सिनेटर दोन-दोन. लहान राज्यांना झुकतं माप घटनेनंच दिलंय, ते एक वेळ मान्य. पण त्यावर आणखी ६० ची अट म्हणजे अल्पमताला दोनदा वजन. घटनाकारांना जिथे जास्तीचं बहुमत हवं होतं तिथे त्यांनी ते स्पष्ट लिहिलं: तह, महाभियोगात दोषी ठरवणं, व्हेटो फिरवणं, घटनादुरुस्ती. साध्या कायद्यासाठी नाही लिहिलं.


पार्लेकर_आजोबा (मुंबई)

धागा वाचतो आहे. एक शंका. तिकडे मतदार ओळखपत्राला एवढा विरोध का? आम्ही इथे कार्ड दाखवल्याशिवाय बोटाला शाई लावून घेत नाही. आमच्या शेजारच्या पंच्याऐंशीच्या वहिनीही कार्ड घेऊन जातात.


भाऊ_डलास (टेक्सस)

आजोबा, प्रश्न रास्त आहे. फरक असा की तुमचं कार्ड निवडणूक आयोग स्वतः काढून देतो, आणि ते नसलं तर आधार, पासपोर्ट, बँकेचं फोटो असलेलं पासबुक असे डझनभर पर्याय चालतात. मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असा दंडक आहे, आणि त्या दिवशी पगारी सुट्टी असते. इथे देशपातळीवर ओळखपत्रच नाही, मतदान १८४५ च्या कायद्याप्रमाणे मंगळवारी, आणि सुट्टी द्यायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मालकाच्या मनावर. विरोध ओळख पटवण्याला नाही, कुठली ओळख चालेल याच्या निवडीला आहे. टेक्ससनं २०११ मध्ये कायदा केला, त्यात बंदुकीचा परवाना चालतो, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी कार्ड चालत नाही.

हा कायदा आधी केंद्राच्या परवानगीअभावी अडला होता. २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टानं शेल्बी काउंटीच्या खटल्यात १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची पूर्वपरवानगीची चौकट ५-४ नं मोडीत काढली आणि त्याच दिवशी टेक्ससनं जाहीर केलं, आमचा कायदा आता लागू.


पार्लेकर_आजोबा

म्हणजे परवानगी घ्यायची सक्ती होती तोवर कायदा कपाटात, आणि सक्ती गेली त्याच दिवशी बाहेर. समजलं. ही पूर्वपरवानगी म्हणजे काय ते कुणी नीट सांगेल का?


वकीलीण_कऱ्हाड

मी सांगते आजोबा, हा माझा शिकवण्याचा विषय आहे.

अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया अशा राज्यांत काळ्या नागरिकांना मतदार यादीत शिरू न देण्याचे शेकडो मार्ग होते. वाचन-लेखनाची परीक्षा, मतदानाचा कर, घटनेच्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगायला लावणं. आणि उत्तर बरोबर की चूक ते ठरवणार नोंदणी कारकून. कोर्टानं एक मार्ग बंद केला की राज्य दुसरा काढायचं. १९६५ च्या कायद्यानं ही शर्यतच उलटी केली. ज्यांचा इतिहास असा आहे त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची परवानगी घ्यायची, आणि बदल भेदभाव करणारा नाही हे राज्यानं सिद्ध करायचं. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी सात टक्क्यांच्या आत होती, ती १९६७ पर्यंत साठच्या जवळ गेली.

२०१३ मध्ये कोर्ट म्हणालं, राज्यं निवडण्याचं सूत्र जुनं झालं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे. सूत्र नवं करा, असं कोर्टानं संसदेला मोकळं ठेवलं होतं. जॉन लुईस यांच्या नावाचं विधेयक म्हणजे तेच नवं सूत्र. ते मांडलं टेरी सुवेल यांनी, ज्या मतदान हक्काच्या मोर्चासाठी गाजलेल्या सेल्माच्याच आहेत. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ऑगस्ट २०२१ मध्ये २१९-२१२ नं मंजूर झालं आणि सिनेटच्या ६० पाशी थांबलं.

म्हणून निशिगंधचा प्रश्न कोरडा तांत्रिक नाही. दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे, बहुमतही होतं, अडलं ते सिनेटनं स्वतःच स्वतःला घालून घेतलेल्या अटीवर.


सह्यकडा (ह्यूस्टन)

मी इथे बहुधा एकटाच विरुद्ध बाजूला असेन, तरी लिहितो. मी दोन्ही पक्षांना मतं दिली आहेत.

फिलिबस्टर मोडू नये. कारण तो आज आपल्या बाजूचा अडसर असतो आणि उद्या आपली भिंत. २०१३ मध्ये डेमोक्रॅटांचे नेते हॅरी रीड यांनी खालच्या कोर्टांतले न्यायाधीश आणि मंत्रिमंडळाच्या नेमणुका ५१ वर आणल्या. रिपब्लिकनांचे नेते मॅकॉनेल तेव्हाच म्हणाले होते, तुम्हाला पस्तावा होईल आणि वाटतंय त्यापेक्षा लवकर होईल. २०१७ मध्ये त्यांनी तोच मार्ग सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. न्यायमूर्ती गॉर्सच ५४-४५, कॅव्हनॉ ५०-४८, बॅरेट ५२-४८. जुना नियम असता तर तिघंही अडकले असते. मग त्याच कोर्टानं २०२१ मध्ये ब्रनोविचच्या खटल्यात मतदान हक्क कायद्याचं भेदभावाला मनाई करणारं दुसरं कलमही पातळ केलं. मतदानाच्या हक्काचं जे नुकसान झालं त्याची सुरुवात नियम मोडण्यातूनच झाली.

आणि आजचं बघा. सेव्ह कायदा एप्रिलमध्ये हाउसनं २२०-२०८ नं मंजूर केलाय. नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद दाखवायची सक्ती. सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ आहेत. तो कायदा झालेला नाही याचं एकच कारण: ६०. २०२२ मध्ये डेमोक्रॅटांनी मतदानाच्या कायद्यांपुरता अपवाद केला असता, तर हा त्याच दारातून आत आला असता. निशिगंध, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.


देवबाग

क्रम जरा तपासा सह्यकडा. शेल्बीचा निकाल जून २०१३ चा, रीड यांचा बदल नोव्हेंबर २०१३ चा. नियम मोडायच्या आधीच पूर्वपरवानगी गेली होती. बाकी सेव्ह कायद्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर निशिगंधनं लिहावंच.


मांडवी (पणजी)

वाचतेय. थांबू नका.


ओहायोची_मावशी

सेव्ह कायद्यावर मला लिहायचंय, कारण तो आपल्या बायकांना फार जवळून लागू होतो.

माझा जन्मदाखला महापालिकेचा, त्यावर माझं नाव नुसतं ‘मुलगी’ असं होतं, ते पुढे घालून घेतलं. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, मधे वडिलांच्या जागी नवऱ्याचं आलं. भारतीय पासपोर्टवर एक स्पेलिंग, इथल्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर दुसरं, कारण अर्ज भरताना एक अक्षर गळलं. आज माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे म्हणून माझं भागेल. पण आमच्या मंडळात अशा बायका आहेत ज्यांनी नागरिकत्व घेतलं आणि पासपोर्टचा खर्च नंतर करू म्हणून राहून गेलं. प्रमाणपत्र बँकेच्या लॉकरमध्ये. ते घेऊन कामाच्या दिवशी कार्यालयात जायचं आणि खिडकीतल्या माणसाला पटवायचं की ही मीच.

कॅन्ससनं २०१३ पासून हेच करून पाहिलं. सुमारे ३१ हजार लोकांची नोंदणी अडकली. २०१८ मध्ये कोर्टानं ते रद्द केलं. अडकलेले बहुतेक सगळे नागरिकच होते.

त्यामुळे आज ६० ची अट आहे याचं मला बरं वाटतं, हे मी लपवत नाही. आणि तरीही २०२२ मध्ये ती मोडायला हवी होती असंही वाटतं. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला सांगता येत नाहीये, कुणीतरी सांगा.


टेकाडावरून

पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यात राहतो. आमच्याकडे सगळं मतदान टपालानं. घरी बसून, माहितीपत्रक वाचून, चहा पीत शिक्का मारायचा. मला ही पद्धत फार आवडते. पण एक अनुभव.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आयुष्यभर सही मराठीत केली, इथे नागरिकत्वाच्या कागदांवरही मराठीतच. वळणदार, खाली दोन टिंबं. गेली काही वर्षं हात थरथरतो. एका निवडणुकीनंतर पत्र आलं: पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, अमुक तारखेच्या आत कळवा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही. बाबांनी पाठकोरे कागद घेतले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःचीच सही गिरवायला लागले. ज्या माणसानं निवडणुकीच्या ड्यूटीवर पेट्या वाहिल्या, तो स्वतःचं मत वाचवायला सहीचा सराव करत होता. आम्ही फॉर्म भरून पाठवला, मत मोजलं गेलं. पण ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात होतं. माझ्या बायकोचं लक्ष गेलं म्हणून सापडलं.

मतदान स्वातंत्र्य विधेयकात याचीच तरतूद होती. सही जुळत नसेल तर मतदाराला कळवणं आणि दुरुस्तीची संधी देणं सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं असतं. आज ते राज्यागणिक वेगळं आहे. ६० च्या आकड्यापाशी काय अडलं ते मला त्या टेबलावरच्या कागदांत दिसतं.


पार्लेकर_आजोबा

टेकाडावरून, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीही ड्यूटी केली आहे. रात्री पेटीला उशी करून झोपायचो.


भाऊ_डलास

टेक्ससमध्ये तर पाकिटाच्या झाकणाखाली ओळखपत्राचा नंबर लिहायची जागा आहे. २०२१ च्या कायद्यानं आणली. मार्च २०२२ च्या प्रायमरीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) टपालानं आलेल्या मतांपैकी साधारण आठातलं एक नाकारलं गेलं, बहुतांशी त्या नंबरापायी. कुणी लिहिलाच नाही, कुणी नोंदणीच्या वेळी दिलेल्यापेक्षा वेगळा लिहिला. वयस्कर माणसांना कुठे आठवतं, पूर्वी कुठला नंबर दिला होता?

हाच कायदा थांबवायला टेक्ससचे डेमोक्रॅट आमदार जुलै २०२१ मध्ये गणसंख्या मोडून वॉशिंग्टनला गेले होते. सिनेटला सांगायला, की आम्ही इथे बाहेर राहून वेळ काढतो, तोवर तुम्ही कायदा करा. सिनेटनं नाही केला. त्यांना शेवटी परत जावं लागलं.


निनाद_७७

आपल्याकडे बिहारच्या याद्यांचं काय चाललंय त्यावर पण बोला की. तिकडचं काय घेऊन बसलात.


वकीलीण_कऱ्हाड

निनाद, बिहारच्या फेरतपासणीवर स्वतंत्र धागा आहे, तिथे मी सविस्तर लिहिलं आहे. इथे विषयावर राहू या.


सह्यकडा

जॉर्जियाबद्दल एक बोलतो. २०२१ मध्ये एसबी २०२ हा तिथला मतदानाचा कायदा आला तेव्हा सगळे म्हणाले मतदान कोसळेल. २०२२ मध्ये मध्यावधी निवडणुकांपुरता मुदतपूर्व मतदानाचा उच्चांक झाला. म्हणजे भीती अतिरेकी होती. अशा भीतीपोटी दोनशे वर्षांची परंपरा मोडायची?


निशिगंध

सह्यकडा, मी तिथे राहते, म्हणून या मुद्द्याला आधी उत्तर देते. उच्चांक झाला हे खरं. त्यामागे चर्चच्या बसगाड्या होत्या, शेजारणीचं मूल सांभाळून तिला पाठवणाऱ्या बायका होत्या, फोनवर फोन होते. कायद्यानं वाढवलेला त्रास लोकांनी अंगावर घेतला. केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली देणं या कायद्यानं गुन्हा केलंय. जून २०२० च्या प्रायमरीत अटलांटाच्या आसपास लोक तासन् तास उन्हात उभे होते, आणि लांब रांगा कुठल्या वस्त्यांत लागतात ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सिनेटच्या सभागृहात चोवीस तास बोलणाऱ्याला पाणीच काय, दूधसुद्धा मिळतं.

सेव्ह कायद्याच्या प्रश्नाला उत्तर देणारच आहे, जरा नीट लिहिते.


वकीलीण_कऱ्हाड

दोनशे वर्षांच्या परंपरेबद्दल. १८०६ ला फट राहिली, पण ती वापरायची सवय पुढची आहे, आणि ती कशासाठी वापरली याची यादी पाहिली तर मन विषण्ण होतं. १८९१ मध्ये दक्षिणेतल्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारं लॉज यांचं विधेयक अडवलं. १९२२ मध्ये झुंडबळीविरोधी डायर विधेयक अडवलं, पुढे १९३८ मध्ये पुन्हा तेच. झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा व्हायला मार्च २०२२ उजाडावं लागलं. एमेट टिलच्या नावाचा. शंभर वर्षं! १९५७ मध्ये दक्षिणेतले सिनेटर स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटं बोलले ते मतदान हक्काच्याच कायद्याविरुद्ध. भाषणाआधी वाफारे घेऊन शरीरातलं पाणी कमी केलं होतं, मधे उठावं लागू नये म्हणून, असं सांगतात.

१९६४ मध्ये साठ कामकाजाचे दिवस नागरी हक्काचा कायदा रोखून धरला. शेवटच्या रात्री रॉबर्ट बर्ड चौदा तासांवर बोलले. १० जूनला सकाळी चर्चा थांबवायचं मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांच्या मेंदूत गाठ होती, वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे डोळाही आणि होकारही. मत मोजलं गेलं. ७१-२९. पुढच्या महिन्यात ते वारले.

त्या काळी निदान बोलावं लागत होतं, उभं राहावं लागत होतं, लोकांना तोंड दिसत होतं. सत्तरच्या दशकात दोन विषय समांतर चालवायची सोय झाली आणि तेव्हापासून नुसतं कळवलं की पुरतं. बोलायची गरजच उरली नाही. आता ‘चर्चेचं स्वातंत्र्य’ म्हणून ज्याचा बचाव होतो त्यात चर्चाच नसते. जानेवारी २०२२ मध्ये सिनेट त्या विधेयकावर चर्चा करत होतं, तेव्हा डेमोक्रॅटांची मागणी एवढीच होती की विरोध करायचाय तर उभे राहून बोला, बोलणं संपलं की साध्या बहुमतानं मत घ्या. तेवढंही ४८-५२ नं नाकारलं.


माळरान (सोलापूर)

एंगल यांच्याबद्दल माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

अवांतर: यंदा एप्रिलमध्ये कोरी बुकर यांनी थर्मंडचा विक्रम मोडला, २५ तास ५ मिनिटं. रात्रपाळीत ऐकत होतो. सकाळी घरी आल्यावर बायको म्हणाली, अजून तेच चालू आहे का? म्हटलं हो, आणि तोच माणूस आहे!


देवबाग

बुकर आमचे सिनेटर, अभिमान आहे. ते भाषण कुठलं विधेयक अडवायला नव्हतं, तरी तो विक्रम थर्मंडच्या नावावरून पुसला गेला हे फार बरं झालं.

अपवादाबद्दल एक. ‘एक अपवाद केला तर सगळं कोसळेल’ असं मँचिन आणि सिनेमा म्हणत. पण अपवाद ढिगानं आहेत. अर्थसंकल्पी विधेयकं ५१ वर जातात: २०१७ ची करकपात, २०२२ चा महागाई कमी करायचा कायदा उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतानं, यंदाचं मोठं विधेयक उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतानं. न्यायाधीश ५१ वर. याच शरद ऋतूत रिपब्लिकनांनी नेमणुका गठ्ठ्यानं मंजूर करायचा नियम केला. आणि सगळ्यात झोंबणारं: १४ डिसेंबर २०२१ ला कर्जमर्यादा अडीच लाख कोटी डॉलरनं वाढवली, ५०-४९ नं. त्या एका वेळेपुरता खास कायदा करून ६० ची अट बाजूला ठेवली होती. जॉर्जियाचे वॉर्नॉक सिनेटमध्ये उभे राहून तेच विचारत होते, कर्जासाठी वाट काढता, मतदानासाठी का नाही? पाच आठवड्यांनी सिनेट मतदानाच्या विधेयकाला नाही म्हणालं. करकपातीला ५१ पुरतात आणि मताच्या हक्काला ६० लागतात, ही वर्गवारी कुठल्या तत्त्वानं केली?


सह्यकडा

देवबाग, कर्जमर्यादेचा तो खास कायदा रिपब्लिकनांच्या मदतीनं, ६० ची अट पाळून झाला होता. तो तडजोडीचा भाग होता, एकतर्फी मोडतोड नव्हे. फरक आहे.


देवबाग

तो फरक मान्य. पण मग तुमचं म्हणणं असं होतं की अपवादाला अडवणाऱ्यांचीच संमती हवी. १९६५ च्या आधी दक्षिणेच्या सिनेटरांची संमती कधी मिळाली होती?


पार्लेकर_आजोबा

माझ्या वयाला एक गोष्ट कळते. ज्याला रोखलंय त्याचीच परवानगी घेऊन कुलूप काढायचं असेल तर ठीक. इथे ज्यानं कुलूप घातलं त्याचीच परवानगी मागत आहेत.


निशिगंध

आता सह्यकडांच्या आणि मावशींच्या प्रश्नाला.

आज ६० ची अट गेली तर सेव्ह कायदा येऊ शकतो. मावशींनी सांगितलेल्या बायकांना त्याचा फटका बसेल. हे मी नाकारत नाही, आणि आत्ता, या सिनेटमध्ये, मी थूनना फोन करून ती अट मोडा म्हणणार नाही. पण यातून ‘म्हणून २०२२ मध्येही ठेवायला हवी होती’ हे निघत नाही.

फिलिबस्टर आहे ती परिस्थिती गोठवून ठेवतो. २०१३ आधी परिस्थिती बरी होती, तेव्हा तो निरुपद्रवी वाटायचा. शेल्बीनंतर जमीनच सरकली. राज्यांत कायदे साध्या बहुमतानं होतात. जॉर्जियाचा एसबी २०२ तसाच झाला, टेक्ससचाही. कोर्टातला निकाल ५-४ चा. मतदानावर बंधनं घालणारे सगळे साध्या बहुमतानं काम करतात आणि ती बंधनं उठवणाऱ्या एकट्या संसदेला ६० लागतात. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा २०१६ मध्ये अपील कोर्टानं रद्द करताना म्हटलं होतं की काळ्या मतदारांना तो जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेनं लक्ष्य करतो. दर वेळी खटला लढायचा, तीन वर्षं घालवायची, मधल्या निवडणुका होऊन जातात.

सेव्ह कायदा उद्या साध्या बहुमतानं आला तर पुढच्या निवडणुकीत तो साध्या बहुमतानं रद्दही करता येईल. पण त्यासाठी ती पुढची निवडणूक मोकळी असायला हवी. म्हणून २०२२ चं विधेयक आधी हवं होतं. त्यात मतदारसंघांची पक्षपाती आखणी बंद होती. ते झालं असतं तर यंदा ऑगस्टमध्ये टेक्ससनं मतदारसंघ पुन्हा आखले आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं ४ नोव्हेंबरला आपले मतदारसंघ बदलणारा प्रस्ताव ५० मंजूर केला, ते दोन्ही झालं नसतं. लुइझियानाच्या नकाशाचा खटला सुप्रीम कोर्टापुढे आहे, ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली. दुसऱ्या कलमाचं उरलंसुरलंही जाईल अशी धास्ती आहे. गेलं, तर पुन्हा कायदा करायचं काम संसदेचं, आणि पुन्हा तोच ६० चा आकडा समोर.


ओहायोची_मावशी

हे पटलं. म्हणजे प्रश्न कोणाचं बहुमत आहे असा नाही, ते बहुमत मतदारांची संख्या वाढवायला वापरतायत की कमी करायला, असा आहे. पण निशिगंध, नियम लिहिताना हा फरक नियमात कसा घालणार? दोन्ही बाजू म्हणतील आम्ही निवडणूक वाचवतोय.


निशिगंध

नाही घालता येत. म्हणून मला ‘फक्त मतदानासाठी अपवाद’ यापेक्षा बोलायला लावणारा फिलिबस्टर परत आणणं बरं वाटतं. सगळ्याच विषयांना. अडवायचंय तर ४१ जणांनी रात्रंदिवस हजर राहावं, सगळ्यांसमोर कारण सांगावं. सेव्ह कायद्याच्या विरोधात मी डेमोक्रॅटांना आठवडेच्या आठवडे ऐकायला तयार आहे. आणि पाण्याच्या बाटलीवर बंदी का हवी हेही कुणीतरी तासभर उभं राहून सांगावं.


टेकाडावरून

बोलायला लावणाऱ्या फिलिबस्टरला माझा पाठिंबा. बाबांना विचारलं, ते म्हणाले, बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.


सह्यकडा

मी अजूनही ६० च्याच बाजूनं आहे. बोलायची सक्ती केली तर सभागृह महिनोन् महिने अडेल आणि तोच कंटाळा दाखवून कुणीतरी आकडाच ५१ करेल, हे मला स्पष्ट दिसतं. पण पूर्वपरवानगी परत यावी याला माझा विरोध नाही. २००६ मध्ये हाच कायदा पंचवीस वर्षांसाठी वाढवला तेव्हा सिनेटमध्ये ९८-० होतं, हाउसमध्ये ३९०-३३, आणि सही जॉर्ज बुश यांची. त्या रस्त्यानं जावं.


निशिगंध

२००६ च्या त्या ९८ मध्ये मॅकॉनेल होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉन लुईस विधेयकावर चर्चा सुरू करायला हो म्हणणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर एकट्या लिसा मर्कोव्स्की होत्या. तुमच्या रस्त्यावर आज उरलेले बारा कुठून आणायचे, तेवढी नावं लिहा. मी स्वतः फोन करते.


सह्यकडा

नावं आज माझ्याकडे नाहीत. माझ्या राज्याचे जॉन कॉर्निन यांची जागा २०२६ मध्ये निवडणुकीला आहे. त्यांना आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न लेखी पाठवतो: पूर्वपरवानगीचं नवं सूत्र मान्य आहे का, हो की नाही. उत्तरं आली की इथे टाकतो.


भाऊ_डलास

टाकाच. मसुदा इथे लावा, मीही माझ्या नावानं पाठवतो. टेक्ससमधल्या सगळ्यांसाठी: प्रायमरी ३ मार्च २०२६ ला आहे, नोंदणीची शेवटची तारीख २ फेब्रुवारी. इथे मतदार नोंदणी ऑनलाइन होत नाही, फॉर्म छापून सही करून टपालानं पाठवावा किंवा नेऊन द्यावा लागतो. घर बदललं असेल तर पत्ता आत्ताच बदलून घ्या. फॉर्मची छापील प्रत हवी असेल त्यांनी मला निरोप करा, माझ्याकडे गठ्ठा आहे.